आरव्ही दुरुस्तीला कुठे द्यायची: गॅरेज निवडण्याची सविस्तर पद्धत

आमच्या मोटरहोमचा, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेल्या आरव्हीचा (चाकांवरच्या फिरत्या घराचा), फ्रीज एका हंगामात गॅसवर थंड होईना. बाहेरून वीज जोडली की मुकाट चालायचा, गॅसवर टाकला की सकाळपर्यंत आतलं सगळं कोमट. पहिल्या गॅरेजमध्ये गाडी उभी करून पाच मिनिटंही झाली नसतील, तोच काउंटरमागच्या माणसाने निकाल दिला, "कूलिंग युनिट गेलं. बदलावं लागेल." फ्रीजच्या मागची बाहेरची झडप त्याने उघडलीसुद्धा नव्हती. दुसऱ्या ठिकाणी एका वयस्क मेकॅनिकने आधी विचारलं, "विजेवर थंड होतो का?" हो म्हटल्यावर तो म्हणाला, "मग युनिटला काय धाड भरलीय?" त्याने खालची झडप काढली, बर्नरवरचं पत्र्याचं झाकण सोडवलं आणि टॉर्च मारून मला बोलावलं. वरच्या धुराड्यातून गळलेले गंजाचे पापुद्रे बर्नरवर साचले होते आणि नळीच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं होतं. ब्रशने झाडलं, हवा मारली, वीस मिनिटांत काम झालं. पिवळी, फडफडणारी ज्योत निळी आणि ताठ झाली.

यात जादू काही नाही. अॅब्सॉर्प्शन फ्रीजमध्ये (यात कॉम्प्रेसर नसतो, उष्णतेनेच थंडावा तयार होतो) गॅसचा बर्नर आणि विजेचा हीटर एकाच बॉयलरला तापवतात. कूलिंग युनिट दोघांनाही तेच. विजेवर फ्रीज थंड होत असेल तर युनिट शाबूत आहे, दोष गॅसच्या बाजूला आहे. हे ज्याला माहीत आहे तो आधी प्रश्न विचारतो. ज्याला माहीत नाही, किंवा माहीत असून सांगायचं नाही, तो थेट किंमत सांगतो. तेव्हापासून मी गॅरेज पारखताना पहिल्यांदा एवढंच पाहतो की समोरचा माणूस आधी विचारतो, की आधी सांगतो. बाकीच्या कसोट्या त्यानंतरच्या.

गाडी एक, मालक तीन

आरव्ही म्हणजे एका कंपनीच्या चासीवर (खालच्या सांगाड्यावर) दुसऱ्या कंपनीने बांधलेलं घर आणि त्या घरात तिसऱ्या-चौथ्या कंपन्यांची उपकरणं. समोर फियाट, फोर्ड किंवा मर्सिडीजचा बिल्ला असतो. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, स्टिअरिंग हे त्यांचं. भिंती, छत, खिडक्या, फर्निचर, पाण्याच्या टाक्या हे घर बांधणाऱ्याचं. फ्रीज डोमेटिकचा, हीटर ट्रुमाचा, संडास थेटफर्डचा अशी सरमिसळ नेहमीचीच. मागे ओढायच्या कॅरॅव्हॅनला इंजिन नसतं, पण अॅक्सल, ब्रेक आणि जोडणीचा कप हे तिथेही वेगळ्या कंपनीचं असू शकतं.

याचा परिणाम वॉरंटीवर होतो. तिन्हींची वॉरंटी वेगळी, मुदत वेगळी, आणि दावा करायची जागाही वेगळी. ज्या डीलरकडून गाडी घेतली तो इंजिनच्या वॉरंटीचं काम करू शकेलच असं नाही, आणि चासी कंपनीचं सर्व्हिस सेंटर छताच्या गळतीकडे ढुंकूनही पाहणार नाही. रिकॉलचंही, म्हणजे सदोष भाग दुरुस्त करून द्यायला कंपनीने गाड्या परत बोलावण्याचंही, तसंच. चासीचा रिकॉल चासी कंपनीकडे आणि घराचा घर बांधणाऱ्याकडे, दोन्ही चासी नंबरवरून तपासता येतात. रिकॉलचं काम फुकट होतं. त्यामुळे एखाद्या दुरुस्तीचे पैसे मोजण्याआधी हे जरूर बघा. हे न बघता लोक भलतीकडेच धावतात, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

म्हणून "चांगलं गॅरेज कुठलं?" हा प्रश्न तसा अपुराच आहे. कशासाठी चांगलं, हे आधी ठरवावं लागतं.

फोन करण्याआधी घरी काय बघायचं

निदान करणं हे तुमचं काम नाही, पण लक्षणं नीट टिपणं तुमचंच आहे. एक साधा मल्टिमीटर आणि एक वही पुरते.

वीज: गाडीत दोन वेगळ्या व्यवस्था असतात. दिवे, पाण्याचा पंप, पंखे, उपकरणांची कंट्रोल सर्किटं १२ व्होल्ट डीसीवर, म्हणजे बॅटरीच्या विजेवर चालतात. सॉकेट, एअर कंडिशनर, मायक्रोवेव्ह हे बाहेरच्या मुख्य विजेवर किंवा जनरेटरवर. काय बंद पडलं आणि काय चालू आहे याची यादी केली की निम्मा शोध संपतो. दिवे मंद आणि पंप रेंगाळतो, पण सॉकेट चालू आहेत, तर घराची बॅटरी किंवा तिला चार्ज करणारा कन्व्हर्टर संशयित. लेड-अॅसिड बॅटरी काही तास निवांत ठेवून मोजली तर १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.१ च्या आसपास म्हणजे अर्धी. चार्जिंग चालू असताना १३ च्या वर आकडा दिसला पाहिजे. नाही दिसला तर चार्जरकडून काही येतच नाहीये. सॉकेट सगळी मेली असतील तर ट्रिप झालेला ब्रेकर आधी बघा. सांगायला लाज वाटते, पण याच कारणासाठी मी एकदा मेकॅनिकला घरी बोलावलं आहे.

पाणी: पंप नळ बंद असतानाही मधूनमधून घरघरत असेल तर कुठेतरी दाब उतरतोय. ओल दिसत असेल तर ती पावसानंतर वाढते की टाकी भरल्यावर, हे टिपा. या एका नोंदीने छत आणि प्लंबिंग यांतला घोळ सुटतो.

फ्रीज: गॅस, मुख्य वीज, १२ व्होल्ट, यांपैकी कशावर चालतो आणि कशावर नाही? गाडी समपातळीत होती का? अॅब्सॉर्प्शन फ्रीज तिरका उभा राहून चालत राहिला तर त्याचं युनिट कायमचं खराब होऊ शकतं. मागे पिवळी भुकटी किंवा डाग दिसला आणि अमोनियाचा उग्र वास आला, तर मात्र युनिट फुटलंय असं समजा. तिथे पहिल्या गॅरेजवाल्याचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. नव्या कॉम्प्रेसर फ्रीजला हे काहीच लागू नाही, तो बहुतेक वेळा कमी व्होल्टेजमुळे रुसतो.

आणि गॅसचा वास आला तर यातलं काहीच करायचं नाही. सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद, दारं-खिडक्या उघड्या, कुठलंही बटण दाबू नका, बाहेर पडा. एलपीजी हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. नाकाला वास कमी झाला म्हणजे गॅस गेली असं नसतं.

कुठल्या कामाला कुठलं दार

विकणाऱ्या डीलरच्या वर्कशॉपमध्ये वॉरंटीचं काम जावं, हे उघड आहे. त्यांच्याकडे कंपनीचे सर्क्युलर येतात, पार्ट मागवायची थेट सोय असते. अडचण अशी की तिथे रांग लांब आणि त्यांच्याकडून गाडी घेतलेला ग्राहक बहुधा पुढे. दुसरीकडून घेतलेली गाडी ते वॉरंटीखाली घेतील का, हे आधी लेखी विचारा. काही ठिकाणी सरळ नकार मिळतो.

स्वतंत्र आरव्ही गॅरेज हा वॉरंटी संपलेल्या गाडीचा खरा आसरा. चांगलं सापडलं तर त्याला सोडू नका. तिथे काम करणारा माणूस आणि तुमच्याशी बोलणारा माणूस बऱ्याचदा एकच असतो, आणि त्याला मी फार किंमत देतो. मात्र प्रत्येक स्वतंत्र गॅरेज सगळ्यातलं जाणकार नसतं. कोणाचा हात सुतारकामावर, कोणाचा विजेवर.

घरपोच येणारे टेक्निशियन उपकरणं, वायरिंग, पंप, कुलूप, सील, स्लाइड-आउटची (गाडी उभी केल्यावर बाहेर सरकणाऱ्या खोलीच्या भागाची) मोटर अशा कामांना उत्तम. गाडी जिथे, जशी उभी आहे तिथेच दोष दिसतो, हा मोठा फायदा. पुष्कळ दोष गॅरेजमध्ये नेल्यावर शहाण्यासारखे गायब होतात. पण ब्रेक, अॅक्सल, कुजलेली भिंत उघडणं ही कामं रस्त्याकडेला करून घेऊ नका. त्यांचा विमा आणि गॅसचा परवाना बघायला संकोच करू नका, कारण काम बिघडलं तर मागे उभं राहायला त्यांच्याकडे इमारत नसते.

इंजिन, गिअरबॉक्स, एअर ब्रेक यांसाठी चासी कंपनीचं व्यावसायिक वाहनांचं सर्व्हिस सेंटर किंवा ट्रकचं गॅरेज. इथे लोक चूक करतात ती उंची आणि वजनाची. मोटारीसाठीचा साधा दोन खांबी लिफ्ट ३ ते ४ टनांचा असतो. युरोपातल्या पुष्कळ मोटरहोम ३.५ टनांच्या मर्यादेत बसतात, पण मोठ्या बसछाप गाड्या १० टनांपुढे जातात. दाराची उंची, लिफ्टची क्षमता आणि शेडची लांबी हे तीन आकडे फोनवरच विचारा आणि आपले आकडे सांगा. छतावरचा एसी धरून उंची सांगा. एसी विसरलेला एक मालक आणि एक शटर यांची गाठ मी डोळ्यांनी पाहिली आहे.

कारखान्याचं स्वतःचं सर्व्हिस सेंटर हा शेवटचा पर्याय, पण काही दुखण्यांवर तोच खरा. अमेरिकेत विनेबेगो आयोवातल्या फॉरेस्ट सिटीला आणि टिफिन अलाबामातल्या रेड बेला अशी केंद्रं चालवतात. मालक लांबून गाडी घेऊन जातात. भिंतीचा थर सुटणं, चौकटीला तडा, पुन्हापुन्हा उलटणारा दोष, यांना मूळ ड्रॉइंग आणि साचे असलेली जागाच न्याय देते.

अपघातात बाहेरचा पत्रा किंवा फायबर गेलं असेल तर बॉडी शॉप. त्याने आधी आरव्हीच्या भिंती केल्यात का, एवढंच विचारा. मोटारीचा दरवाजा ठोकून सरळ करणं आणि फोमच्या सँडविच पॅनेलची भिंत बदलणं यांत काडीचंही साम्य नाही.

गळती: इथे गॅरेज उघडं पडतं

आरव्हीचं आयुष्य इंजिनापेक्षा पाणी जास्त वेळा संपवतं. आणि गॅरेज कसं आहे हे कळायला गळतीच्या कामाइतकी चांगली परीक्षा नाही, म्हणून यावर जरा थांबतो.

पाणी शिरतं एका ठिकाणी आणि दिसतं दुसऱ्याच. छताच्या झरोक्याच्या कडेने आत आलेला थेंब लाकडी चौकटीवरून सरकत जातो आणि दोन मीटर अंतरावर कपाटाच्या कोपऱ्यात डाग होऊन उतरतो. तुम्ही डाग दाखवल्यावर "तिथे सिलिकॉन मारून देतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि गाडी काढा. सिलिकॉनवर पुढे दुसरा कुठलाही सीलंट धड चिकटत नाही. उद्या खरी दुरुस्ती करणाऱ्याला तो सगळा खरवडून काढावा लागतो आणि त्याची मजुरी तुमच्याच बिलात लागते.

ज्याला काम येतं त्याची सुरुवात वेगळी असते. तो ओलावा मोजायचं मीटर घेऊन खिडक्यांचे कोपरे, छत-भिंतीचा सांधा, चाकांच्या कमानी, फरशीच्या कडा असं फिरतो आणि आकडे गाडीच्या नकाशावर लिहितो. साधारण १५ टक्क्यांपर्यंतच्या आकड्याची कोणी चिंता करत नाही. १५ ते २० असेल तर नजर ठेवायची, २० च्या वर शोध घ्यायचा, ३० च्या पुढे आतलं लाकूड सडत असण्याची शक्यता गृहीत धरायची. मग तो बोटांनी भिंत दाबतो. चांगली भिंत टणक लागते, थर सुटलेली भिंत बिस्किटाच्या पुड्यासारखी किंचित दबते आणि परत येते. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकत गेलं की सुटलेल्या जागी आवाज पोकळ होतो. हे तुम्हीही करून बघू शकता, पाच मिनिटांचं काम आहे.

काही गॅरेजकडे दाबाची चाचणी करायचं यंत्र असतं. झरोक्यातून पंख्याने आत हवा भरून घरात किंचित जास्त दाब तयार करतात आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी फवारतात. जिथे बुडबुडे येतात तिथे पाण्याची वाट. हे यंत्र नाही म्हणून गॅरेज वाईट ठरत नाही. पण "गळती नेमकी कुठून आहे हे कसं शोधाल?" या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं पाहिजे.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: "आतलं वाळवल्याशिवाय बंद तर नाही ना करणार?" ओली चौकट नव्या पॅनेलखाली झाकली तर सड आतल्या आत चालू राहते, फक्त तुम्हाला दिसत नाही. वाळवायला दिवस लागतात. जो संध्याकाळी गाडी न्यायला बोलावतो त्याने वाळवलेलं नाही.

तिसरा, छत कशाचं आहे हे त्याने विचारलं का? ईपीडीएम रबर, टीपीओ प्लॅस्टिक, फायबरग्लास, अॅल्युमिनियम, प्रत्येकाला चालणारा सीलंट आणि क्लीनर निराळा. ईपीडीएमवर पेट्रोलियमजन्य द्रावण पडलं तर रबर फुगतं. न विचारता नळकांडं उचलणाऱ्या माणसाला छतावर चढू देऊ नये.

गळतीच्या कामात ठाम आकड्याचं इस्टिमेट देणाऱ्यापेक्षा "उघडून पाहिल्याशिवाय पूर्ण सांगता येणार नाही, पण उघडायचे एवढे आणि मग थांबून तुम्हाला फोटो पाठवतो" असं म्हणणाऱ्यावर माझा जास्त विश्वास आहे. ऐकायला ते गैरसोयीचं वाटतं, पण कामाचं स्वरूपच तसं आहे.

फोनवर आणि प्रत्यक्ष

तीन-चार नावं काढा. नावं मिळवायला तुमच्याच मॉडेलच्या मालकांचे गट सगळ्यांत चांगले. ऑनलाइन शेरे वाचताना पाच तारे आणि एक तारा दोन्ही बाजूला ठेवा, मधले वाचा. तक्रारीला गॅरेजने काय उत्तर दिलंय ते बघा. आणि शेरा कुठल्या कामाचा आहे हे बघा. टायर झटपट बदलून दिले म्हणून आनंदलेला ग्राहक छताबद्दल काही सांगत नाही.

फोनवर किंमत पहिल्यांदा विचारू नका. लक्षण सांगा आणि गप्प बसा. समोरून प्रश्न येतात का ते ऐका: मॉडेल कुठलं, कोणत्या वर्षाचं, कधीपासून, कशावर चालवल्यावर, आधी कोणी हात लावला होता का. मग तुमचे प्रश्न. हे काम प्रत्यक्ष कोण करणार, तुमचा माणूस की बाहेरून बोलावलेला? निदानाचे पैसे वेगळे का, आणि दुरुस्ती तुमच्याकडेच केली तर ते वळते होतात का? मजुरी खऱ्या तासांवर की ठरीव तासांवर? काम झाल्यावर गाडी उभी ठेवल्याचं भाडं कधीपासून? केलेल्या कामाची हमी किती दिवसांची, आणि त्यात पार्ट येतो की मजुरीही?

नंतर एकदा जाऊन या. गाडी न घेता गेलात तर उत्तम. आवारात उभ्या गाड्या बघा. एखाद-दुसरी पार्टसाठी अडकलेली असणारच, पण चाकांभोवती गवत उगवलेल्या गाड्यांची रांग असेल तर तुमचीही तिथेच उभी राहणार. उघडलेल्या गाड्यांचे स्क्रू आणि पट्ट्या कुठे आहेत? नाव लिहिलेल्या डब्यांत, की फरशीवर? छतावर काम करायला धड शिडी किंवा मचाण आहे का? गॅसचा दाब मोजायचा मॅनोमीटर कुठे दिसतो का? आत शिरताना मेकॅनिक सीटवर आणि फरशीवर काही अंथरतो का? हे लोकांच्या घरात काम करतात. बुटांच्या खुणांवरून बरंच कळतं.

चाकांच्या बाबतीत एक नेमका प्रश्न मी विचारतो. युरोपीय कॅरॅव्हॅनच्या अल-को कंपनीच्या अॅक्सलवर ब्रेक ड्रम काढला की मधला नट दरवेळी नवा घालायचा असतो. तो एकदाच वापरायचा असतो आणि २९० न्यूटन-मीटरला आवळायचा. "नट बदलता ना?" असं विचारल्यावर ज्याच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह उमटतं त्याच्याकडे माझी चाकं जात नाहीत. अमेरिकी ट्रेलरचं तंत्र निराळं. तिथे बेअरिंग उघडून ग्रीस भरायचं असतं, साधारण वर्षातून एकदा. तसंच जॅक कुठे लावणार हेही विचारा. कॅरॅव्हॅनची फरशी म्हणजे जॅक लावायची जागा नव्हे, पण लावणारे लावतात.

गॅसच्या कामाला मात्र नुसता अनुभव पुरत नाही, परवाना लागतो, आणि तो देशागणिक वेगळा. ब्रिटनमध्ये गॅस सेफ रजिस्टरचं कार्ड असतं. त्याच्या मागच्या बाजूला कोणत्या प्रकारचं काम करायची मुभा आहे ते लिहिलेलं असतं. घरातल्या बॉयलरचा परवाना म्हणजे कॅरॅव्हॅनचा परवाना नव्हे, म्हणून कार्ड उलटून बघा. तिथेच १९९९ पासून अप्रूव्हड वर्कशॉप स्कीम आहे, तिच्यातल्या वर्कशॉपची दरवर्षी तपासणी होते. जर्मनीत जी ६०७ नियमानुसार गॅसची दर दोन वर्षांनी चाचणी करून पिवळ्या पुस्तिकेत नोंद करतात. अमेरिकेत आरव्ही टेक्निकल इन्स्टिट्यूट टेक्निशियनना चार पातळ्यांची प्रमाणपत्रं देतं. प्रमाणपत्र भिंतीवर आहे ही चांगली गोष्ट. त्यावरचं नाव तुमच्या गाडीवर काम करणाऱ्याचं आहे का, हेही विचारा.

नव्या गॅरेजला पहिलंच काम म्हणून स्लाइड-आउट किंवा छत देऊ नका. वार्षिक सर्व्हिस, एखादा झरोका बदलणं, असं लहान काम द्या. वेळ पाळली का, फोन केला का, बिल इस्टिमेटशी जुळलं का, हे स्वस्तात कळतं.

जॉब कार्डवर काय लिहायचं

इथे मालकच चूक करतात. "कूलिंग युनिट बदला" असं लिहून सही केलीत तर ते युनिट बदलतील, आणि फ्रीज तरीही चालला नाही तर जबाबदारी तुमची. लक्षण लिहा: "गॅसवर आठ तास चालवूनही थंड होत नाही, विजेवर होतो, कारण शोधून दुरुस्त करणे." फरक दोन ओळींचाच आहे, पण भांडायची वेळ आली तर या दोन ओळीच कामाला येतात.

कार्डावर आणखी तीन गोष्टी हव्यात. अमुक रकमेपुढे खर्च जाणार असेल तर आधी विचारणे. काढलेले जुने पार्ट परत देणे (बदलून जमा करायचा पार्ट असेल तर निदान दाखवणे). आणि छत किंवा भिंत उघडली तर बंद करण्याआधीचे फोटो. विम्याचं काम असेल तर विमा कंपनीच्या होकाराआधी काही उघडू देऊ नका. पाणी आत येत असेल तर तात्पुरतं झाकणं तेवढं चालतं, त्याचेही फोटो काढा.

वॉरंटीच्या मुदतीत असाल तर एक बारीक अक्षरातली अट बघा. घराच्या जलरोधकतेची वॉरंटी पुष्कळ कंपन्या दरवर्षीच्या ओलावा तपासणीवर अवलंबून ठेवतात. ठरलेल्या मुदतीत, मान्य वर्कशॉपमध्ये तपासणी करून पुस्तिकेवर शिक्का नसेल, तर दावा नाकारला जातो. स्वस्त पडतं म्हणून एका वर्षी दुसरीकडे केलेली तपासणी पुढे फार महाग पडते.

थांबण्याचा हिशेब

आरव्ही गॅरेजमध्ये आठवडे राहते, पण त्यातलं हात लावलेलं काम काही तासांचंच असतं. बाकीचा वेळ पार्ट येण्यात, मंजुरी मिळण्यात आणि रांगेत जातो. म्हणून "किती दिवस लागतील?" या प्रश्नाचे तुकडे करा: निदान कधी, पार्ट किती दिवसांत, पार्ट आल्यावर काम किती तासांचं. गाडी चालवण्याजोगी असेल तर निदानानंतर परत न्या आणि पार्ट हातात आल्यावर पुन्हा आणून द्या. चांगलं गॅरेज याला तयार होतं, त्यांचीही जागा मोकळी होते.

गाडी तिथेच राहणार असेल तर ती कुठे उभी राहील? गळतीसाठी दिलेली गाडी उघड्यावर तीन आठवडे भिजत राहिली, असं प्रत्यक्षात घडतं. बॅटरी चार्ज राहील अशी जोडणी मिळेल का? आवारातल्या गाड्यांचा त्यांचा विमा आहे का? आत राहत असाल तर रात्री गाडी ताब्यात मिळेल का? फ्रीज रिकामा करा, टाक्या सोडा, मौल्यवान वस्तू काढा, आणि चारही बाजूंचा, आतला आणि जमल्यास छताचा व्हिडिओ काढून मगच किल्ली द्या.

सहलीचा हंगाम सुरू होण्याआधीचे दोन महिने सगळ्यांनाच आपली गाडी आठवते. हंगाम संपल्यावर लगेच द्या. तेव्हा मेकॅनिकला वेळ असतो, आणि कुठे काय कुरकुरत होतं हे तुम्हालाही ताजं आठवत असतं.

वाटेत बंद पडली तर

इथे निवडीला वाव कमी, म्हणून उद्दिष्टही लहान ठेवा: सुरक्षितपणे घरापर्यंत किंवा ओळखीच्या गॅरेजपर्यंत पोहोचणं. रस्त्यावरच्या मदतीची योजना घेताना तिच्यात तुमच्या गाडीची लांबी आणि वजन बसतं का हे आधीच वाचून ठेवा, टो करायला आलेल्या गाडीसमोर उभं राहून नव्हे. इंजिनाचं असेल तर चासी कंपनीची हेल्पलाइन बहुतेकदा जास्त कामाची. कॅम्पसाइटवर कोणीतरी नाव सुचवतंच. घ्या, पण ते नाव मॅनेजरच्या मेहुण्याचं आहे का, हेही हसत हसत विचारून घ्या.

छत फाटलं असेल तर ब्यूटिलची रुंद चिकटपट्टी घरी पोहोचवते. मात्र ती पुढे निघता निघत नाही, तेव्हा कायमच्या दुरुस्तीला देताना कुठे लावली ते सांगा. ब्रेक, स्टिअरिंग आणि गॅस यांना मात्र "चालेल घरापर्यंत" नाही.

गाडी परत घेताना

संध्याकाळी बंद व्हायच्या वेळी जाऊ नका. दिवसा, तासभर हाताशी ठेवून जा. ज्या कामासाठी दिली होती ते त्याच परिस्थितीत चालवून बघा. फ्रीज गॅसवर बिघडला होता तर गॅसवर. थंड व्हायला त्याला कित्येक तास लागतात, म्हणून आदल्या रात्रीच चालू करून ठेवायला सांगा आणि सकाळी जाऊन आत हात घाला. मग ज्याला हात लावला नव्हता तेही बघा: नळ, पंप, मागचे दिवे, इंडिकेटर, स्लाइड-आउट पूर्ण बाहेर आणि पूर्ण आत. वायरिंगचं काम करताना शेजारचं कनेक्शन निसटणं अगदी मामुली आहे आणि ते तिथेच सापडलं तर दोन मिनिटांत होतं. गॅसच्या कामानंतर गळती चाचणीचा कागद घ्या. गॅस डिटेक्टरवरची मुदतीची तारीखही त्याच वेळी बघून टाका, तो ५ ते ७ वर्षांत बदलायचा असतो.

चाकं काढली होती का, हे विचारायला विसरू नका. काढली असतील तर ५० ते १०० किलोमीटर गेल्यावर थांबून टॉर्क पान्याने नट पुन्हा तपासा. आणि छताचं काम असेल तर पहिल्या मोठ्या पावसानंतर कपाटं उघडून कोपऱ्यांवरून हात फिरवा. ओलं लागलं तर त्याच दिवशी फोटो काढून गॅरेजला पाठवा, कामाच्या हमीचे दिवस गाडी न्यायच्या तारखेपासून मोजले जात असतात.